अजानच्या आधीचा अर्धा तास

रोजे सुरू असलेल्या घरात सालनाचे मीठ बघण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे असते. अम्मीचा रोजा, दादीचा रोजा, मोठ्या बहिणीचाही रोजा. उरतो तो पाच-सहा वर्षांचा धाकटा. 'बेटा, इधर आ, नमक देख,' अशी हाक आली की तो हातातला खेळ टाकून धावत ओट्याशी येतो. तळहातावर पळीतला थेंबभर रस्सा पडतो, तो चाटतो, क्षणभर विचार करतो आणि न्यायाधीशाच्या थाटात 'कम है' असा निकाल देतो. पातेल्यात चिमूटभर मीठ वाढते. जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकायची मुभा गरजेपुरती आहे, असे फिकहचे जाणकार सांगतात. पण रोजाला धक्का नको म्हणून बहुतेक बायका मुलालाच बोलावतात. मुलालाही तो मान वाटतो.

याच प्रसंगाकडे थोडे निराळ्या नजरेने बघावे. मूल धावत आलेले असते. रस्सा नुकता उकळलेला असतो. शेजारच्या शेगडीवर भज्यांच्या तेलाची कढई असते. पळी धरणारी बाई पहाटेपासून पाण्याच्या घोटाशिवाय उभी आहे आणि तिचा एक डोळा घड्याळावर आहे. दिवसभराच्या रोजानंतर हात जड झालेले असतात, चहाची सवय असलेल्याचे डोके दुपारपासून ठणकत असते. मुले शाळेतून, शिकवणीहून परतलेली, भुकेली आणि कंटाळलेली. घरात सगळ्यांत जास्त माणसे, सगळ्यांत जास्त उष्णता आणि सगळ्यांत कमी सवड एकाच वेळी आणि एकाच खोलीत जमते ती याच अर्ध्या तासात.

दिवाळीचा फराळ करणाऱ्या घरांना यातले बरेचसे समजेल. चकलीचा घाणा पडत असताना मागून 'मला सोऱ्या दे' म्हणत लोंबकळणारे पोर तिथेही असते. फरक एवढाच, की फराळाचे तळण चार-पाच दिवसांत उरकते, ते बहुधा दुपारी निवांत चालते आणि चकली तासभर उशिरा झाली तरी कोणी थांबून राहिलेले नसते. रमजानमध्ये हे २९ किंवा ३० संध्याकाळी चालते, आणि रोज सूर्यास्ताच्या मिनिटाला बांधलेले असते. धोका कढईत आहेच, पण तो वाढतो घाईमुळे.

हा धोका किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसे भाजल्याने मरतात आणि भारतात वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. बायका आणि मुले भाजतात ती मुख्यतः घरच्या स्वयंपाकघरात, आणि अनेकदा कारण अगदी साधे असते: गरम पदार्थाचे भांडे कलंडणे. उकळते पाणी १०० अंश सेल्सिअसचे असते. तळणीचे तेल १७० ते १९० अंशांचे, शिवाय ते कातडीला चिकटून राहते. लहान मुलाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ. ज्या शिंतोड्याने आईच्या हातावर लाल डाग उठतो, त्याच शिंतोड्याने मुलाच्या हातावर फोड येतो.

प्रश्न असा आहे, की अजानच्या क्षणाला कढईतून निघालेले गरम भजेच दस्तरखानावर का हवे? धर्माने ते मागितलेले नाही. पैगंबरसाहेबांची रीत सर्वांना ठाऊक आहे: ताजे खजूर, ते नसतील तर सुके खजूर, तेही नसतील तर पाण्याचे काही घोट, आणि मग नमाज. इफ्तारला उशीर करू नये ही शिकवण आहे, पण ती रोजा सोडण्याबद्दल आहे. समोसा तळण्याबद्दल नाही. खजूर आणि पाणी पुढे असले की तिचे पालन झाले. 'भजी गरमच पाहिजेत' ही मागणी जिभेची आहे, आणि खरे सांगायचे तर ती बहुतेक वेळा दस्तरखानाशी बसलेल्या माणसांची असते, ओट्याशी उभ्या असलेल्या बाईची नसते. घरातल्या पुरुषांनी ही एक मागणी मागे घेतली तर त्या अर्ध्या तासाचे रूपच पालटेल.

तेव्हा पहिला उपाय घड्याळाचा. तळण अस्रच्या नमाजीनंतर लगेच हाती घ्यावे आणि अजानच्या वीस मिनिटे आधी शेगडी बंद व्हावी. वीस मिनिटांत भजे थोडे मऊ पडेल, हे खरे. समोसे तेवढे मऊ पडत नाहीत, आणि दहीवडे तर आधी तळून भिजवावेच लागतात. चणे, फळे, शरबत यांना कढईची गरजच नाही. रोज तळण हवेच का, हा प्रश्न डॉक्टर वेगळ्या कारणासाठी विचारतात. इथे तो विचारायचा तो मुलांसाठी. आठवड्यातले तीन दिवस कढई चढली नाही, तर धोक्याच्या संध्याकाळी जवळजवळ निम्म्याने कमी होतात.

शेगडी बंद झाली म्हणजे धोका संपला, असे मात्र नाही, आणि बहुतेक घरांचे दुर्लक्ष इथेच होते. अजान होते, सगळे दस्तरखानाशी बसतात, खजूर तोंडात जातो, मग पुरुष मशिदीकडे निघतात आणि बायका जानमाज अंथरतात. ओट्यावरची कढई तशीच असते. आत लिटरभर तेल, वर धूर नाही, खाली जाळ नाही, बघणाऱ्याला ते थंडच वाटावे. दोन वर्षांच्या मुलाला राहिलेले भजे दिसते, तो कढईचा कान धरतो. हे तेल निवायला बराच वेळ लागतो. म्हणून तळण संपताच कढई ओट्याच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून, वर झाकण घालून ठेवावी. जमिनीवर तर मुळीच ठेवू नये. मगरिबच्या नमाजीची वेळ अजानबरोबर संपत नाही. पाऊण तास तरी हाताशी असतो. घरात दोघी असतील तर एकीने आधी नमाज पढावी आणि दुसरीने मुलांवर लक्ष ठेवावे. आणि एकटी बाई नमाजीत असताना मूल आगीकडे किंवा गरम भांड्याकडे जाताना दिसले, तर नमाज तोडून त्याला वाचवायचे, याबाबत फिकहमध्ये संदिग्धता नाही. हे अनेक तरुण आयांना कोणी सांगितलेलेच नसते. मनात भीती धरून त्या सलाम फेरेपर्यंत थांबतात.

मग मुलांना स्वयंपाकघराबाहेरच काढावे का? सोपे उत्तर तेच आहे, पण ते चालत नाही. एक-दीड खोलीच्या घरात 'बाहेर' म्हणजे रस्ता. आणि ज्या घरात अख्खा महिना संध्याकाळचे सगळे घडते ते ओट्याभोवती, तिथून मुलाला हाकलले तर तो डोळा चुकवून येणारच. चोरून आलेले मूल बोलावून आलेल्या मुलापेक्षा जास्त धोक्यात असते, कारण ते मागे उभे आहे हे कोणाला ठाऊक नसते.

या बाबतीत एक जुनी गोष्ट आठवण्याजोगी आहे. मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, म्हणजे आशूराला, मदिनेतले लोक मुलांनाही रोजा ठेवायला लावत. रुबय्यिअ बिन्त मुअव्विज या सहाबी स्त्रीने सांगितलेले हदीसमध्ये नोंदलेले आहे, की त्या मुलांसाठी लोकरीची खेळणी करत आणि मूल भुकेने रडू लागले की खेळणे हाती देत, ते थेट इफ्तारची वेळ होईपर्यंत. म्हणजे शेवटच्या तासात मुलाचे काय करायचे हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीही होता. त्यावरचा उपाय रागावण्याचा नव्हता. मुलाच्या हाताला काहीतरी देण्याचा होता.

हाताला द्यायचे ते शेगडीपासून लांब असावे, एवढीच अट. कढईपासून तीन फुटांवर जमिनीवर खडूची रेघ ओढावी आणि तळण सुरू असताना रेघेच्या आत मुलाने यायचे नाही, हे ठरवून टाकावे. रेघ मुलांना आवडते, कारण ती खेळासारखी असते. मोठ्यांनी ओलांडली तर ती ओरडून सांगतात, आणि ते बरेच आहे. रेघेच्या अलीकडे दस्तरखान अंथरून मुलांचे काम तिथे मांडावे. तीन-चार वर्षांचे मूल पुदिन्याची पाने खुडते, मटार सोलते, खजूर मोजून ताटलीत लावते. सहा-सात वर्षांच्या मुलाला सब्जा भिजवणे, लिंबू पिळणे, शरबत ढवळणे, बोथट सुरीने केळी कापणे जमते. समोशाच्या पट्टीला कणकेची लेई लावून त्रिकोण दुमडणे हे काम तर नऊ-दहा वर्षांची मुले मोठ्यांपेक्षा सफाईने करतात. मिरची मात्र मोठ्यांनीच चिरावी. मिरचीचा हात डोळ्याला लागला की ती संध्याकाळ गेलीच. तेराव्या-चौदाव्या वर्षी, मोठे माणूस शेजारी उभे असताना, झारा हाती द्यायला हरकत नाही. त्याआधी नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. बहुतेक घरांत नऊ वर्षांच्या मुलीला 'जरा भजी पलट' असे सांगितले जाते आणि अकरा वर्षांचा तिचा भाऊ अजान होईपर्यंत गल्लीत क्रिकेट खेळतो. मुलीच्या हातात झारा वयाआधी येतो, मुलाच्या हातात तो कधीच येत नाही. पैगंबरसाहेब घरात असताना घरच्यांच्या कामात हात लावत, हे हजरत आयशा यांनी सांगितलेले आहे. जुम्याच्या बयानात ते ऐकून घरी आलेल्या माणसाने मुलाला फळे चिरायला बसवले तर बयान कामी आले म्हणायचे. शिवाय चार हातांचे काम सहा हातांत वाटले गेले की घाईही तेवढी कमी होते.

मीठ बघण्याचा मान धाकट्याकडेच राहू द्यावा. फक्त त्याला ओट्याशी बोलावू नये. रस्सा वाटीत काढावा, फुंकून निववावा आणि वाटी रेघेच्या पलीकडे त्याच्यापुढे न्यावी.

तळणाऱ्यांना काही गोष्टी माहीत असतात, पण घाईत त्या निसटतात. तेलात पाणी गेले की ते उडते. फ्रीजमधून काढलेल्या समोशांवर बर्फ असेल तर तो झटकून, पुसून मगच ते सोडावेत. अख्ख्या मिरचीला चीर दिली नाही तर ती आतल्या वाफेने फुटते. एकादशीला साबुदाणा वडे तळणाऱ्यांनी असा स्फोट पाहिलेला असतो. तेलाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये. पाणी जड, ते तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडते. गॅस बंद करावा आणि मोठे झाकण किंवा परात कडेने सरकवत कढईवर घालावी. आग पूर्ण विझून कढई निवेपर्यंत झाकण उचलून बघू नये. पेटलेली कढई उचलून बाहेर पळणे हे सर्वांत वाईट.

ओढणीचे दोन्ही टोक मागे बांधावेत, बाह्या वर कराव्यात. नायलॉनची झुळझुळीत ओढणी पेटली की वितळून अंगाला चिकटते. स्वयंपाकघरात सुती बरी. दोन शेगड्यांपैकी भिंतीकडची शेगडी तळणासाठी वापरावी आणि तव्याची, पॅनची मूठ आत वळवावी. जमिनीवर शेगडी मांडून स्वयंपाक होतो अशी घरेही आपल्या गावांत पुष्कळ आहेत. रांगणाऱ्या मुलासाठी ती मांडणी सगळ्यांत धोक्याची, आणि गॅससाठीही चुकीची: शेगडी सिलिंडरच्या तोंडापेक्षा उंच असावी लागते. पक्के, न डगमगणारे टेबल असले तरी काम भागते.

पहाटेच्या सहरीला वेगळी काळजी घ्यावी लागते. माणूस अर्धवट झोपेत असतो, खिडक्या बंद असतात, आणि हात सवयीने आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर बटण दाबू नये. लावूही नये आणि बंदही करू नये. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, मुलांना उचलून बाहेर न्यावे आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करावा. तो गॅसगळतीसाठीच आहे आणि चोवीस तास चालतो. रात्री तरावीहनंतर झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याची सवय असेल तर ही वेळ सहसा येत नाही. मदिनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले, तेव्हा आग ही तुमची वैरी आहे, झोपताना ती विझवत जा, असे पैगंबरसाहेबांनी बजावल्याचे हदीसमध्ये आहे. तेव्हा चूल आणि दिवा होता, आता रेग्युलेटर आहे. रबरी नळीवर तिची मुदत छापलेली असते. महिन्याचा किराणा भरताना तीही एकदा वाचावी.

एवढे करूनही मूल भाजले तर पहिली वीस मिनिटे सर्वांत मोलाची. भाजलेला भाग नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली पुरी वीस मिनिटे धरावा. अंगावरचा गरम कपडा काढावा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढू नये. बांगडी, अंगठी, गळ्यातला धातूचा तावीज लगेच काढावा. धातू उष्णता धरून ठेवतो आणि सूज आली की बांगडी निघत नाही. तावीज काढायला दादी कचरतील, तरी काढावा. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात पिंपातले पाणी तांब्याने हळूहळू ओतत राहावे, खाली घमेले ठेवावे. मुलाचे बाकी अंग चादरीत गुंडाळून उबदार ठेवावे. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, अंडे, शाई, कणीक, तूप काहीही नको. या लेपांनी उष्णता आत कोंडते, जखम दूषित होते आणि डॉक्टरांना आधी तेच खरवडावे लागते, तेही मुलाच्या किंकाळ्या ऐकत. फोड फोडू नयेत. पाण्यानंतर स्वच्छ धुतलेले सुती कापड सैल झाकावे. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा जांघेचा भाग भाजला असेल, किंवा जखम मुलाच्या स्वतःच्या तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी असेल, तर वाट न बघता रुग्णालय गाठावे, रुग्णवाहिकेसाठी १०८.

खाण्याच्या ताटातलेही दोन शब्द. पाच वर्षांखालच्या मुलाला खजूर बी काढूनच द्यावा, द्राक्षे उभी चिरून द्यावीत, शेंगदाणे अख्खे देऊ नयेत आणि उकडलेले चणे चेचून द्यावेत. अजानच्या गडबडीत मूल धावता धावता तोंडात कोंबते आणि घास श्वासनलिकेत जातो. खाताना बसवावे.

शेजाऱ्यांकडे इफ्तारीची ताटे पोचवण्याचे कामही मुलांचेच असते, आणि ते त्यांच्याकडून काढून घेऊ नये. मोहल्ल्यातल्या कितीतरी काकू-मावश्यांना रमजान कळतो तो रुमाल झाकलेल्या त्या ताटावरूनच. मात्र जिना चढणाऱ्या मुलाच्या हाती फळे, खजूर, थंड समोसे द्यावेत. वाफाळते हलीम झाकणाच्या डब्यात घालून मोठ्याने न्यावे. आणि ताट घेणाऱ्या काकूंना काही परत करावेसे वाटत असेल, तर रिकाम्या ताटात साखर घालून देण्याची रीत आहेच. पण सहा ते साडेसहा शेजारची दोन मुले आपल्याकडे बसवून त्यांचा गृहपाठ घेतला, तर पलीकडच्या ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला त्याहून मोठी मदत होईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये रमजान येतो त्या या वर्षांत परीक्षाही तोंडावर असतातच.

चाँदरातीचा विचार आत्ताच करून ठेवलेला बरा. चंद्र दिसल्यावर सगळी धावपळ एकदम उसळते. मोठ्या पातेल्यात चार-पाच लिटर दूध चढते, मुले बारा वाजेपर्यंत जागी, मुलींचे हात मेंदीने ओले. ओल्या मेंदीच्या हातात भांडे नीट धरता येत नाही आणि मेंदी वाचवण्याच्या नादात भांडे सुटते. शीरखुर्म्याच्या खारका भिजवून चिरणे, बदाम सोलणे, पिस्त्याचे काप करणे ही कामे अठ्ठाविसाव्या रोजाच्या दुपारी मुलांना घेऊन उरकावीत, आणि मेंदीचा कोन दूध उतरवून झाल्यावरच उघडावा.